खांद्यावरचं कापड

मराठीत ख्रिस्ती बाई म्हटलं की दोन नावं पुढं येतात. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक. दोघी मोठ्याच. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पुढं केडगावला निराधार बायांसाठी 'मुक्ती' उभी केली. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' आजही वाचलं जातं. पण दोघी जन्मल्या बामणाच्या घरी. त्यांनी धर्म बदलला तेव्हा पुण्यानाशकात खळबळ झाली, वर्तमानपत्रं पेटली, म्हणून त्यांचा इतिहास झाला. ज्या बायांच्या नावापुढं आडनावही नव्हतं, त्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा कुणाची झोप उडाली? तर दोस्तहो, उडाली होती. इतकी उडाली की एका राजाला तोफा-पलटणीचा धाक असतानाही हुकूम बदलत बसावे लागले. ही गोष्ट आपल्या मुलखातली नाही. तिकडं खाली, त्रावणकोर संस्थानातली आहे. पण ती आपण वाचली पाहिजे असं मला वाटतं. मी साच्यावर काम करणारा माणूस. दिवसभर कापड बघतो. एक हातभर कापड अंगावर घ्यायला माणसाला अर्धं शतक भांडावं लागतं, हे मला पुस्तकातून कळलं तेव्हा माझं काम मला वेगळं दिसायला लागलं.

दक्षिण त्रावणकोर म्हंजे आजच्या तमिळनाडूतला कन्याकुमारी जिल्हा आणि त्याच्या वरचा पट्टा. तिथं शाणार नावाची जात. पुढं ते स्वतःला नाडर म्हणवू लागले. ताडाच्या झाडावर चढायचं, रस काढायचा, त्याचा गूळ करायचा, हा धंदा. ते पुलयर-परैयरांसारखे गुलाम नव्हते. पण नंबुद्री बामणापासून छत्तीस पावलं लांब उभं राहायचं, नायरापासून बारा. छत्री धरायची नाही, पायात जोडा घालायचा नाही, सोनं घालायचं नाही. घराला दुसरा मजला नको. बाईनं पाण्याचा घडा कमरेवर घ्यायचा नाही. आणि बाईनं कमरेच्या वर कापड घ्यायचं नाही. उघडी छाती हा वरच्या जातीला केलेला नमस्कार समजला जाई.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नायर बाईलासुद्धा नंबुद्रीपुढं आणि देवापुढं छाती उघडी करावी लागे. म्हंजे नायर बाई वरच्यापुढं उघडी, खालच्यापुढं झाकलेली. तिच्या खांद्यावरचं कापड म्हंजे आपण शाणारणीपेक्षा वर असल्याचा पुरावा. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी, आणि प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी. म्हणून खालच्या बाईनं कापड घेतलं की वरचा गडी चवताळतो. त्याचं काही चोरीला जात नाही. फक्त फरक जातो. आणि जातिव्यवस्थेत फरक हीच मालमत्ता असते.

या मुलखात लंडन मिशनरी सोसायटीचा रिंगेलटॉब हा माणूस १८०६ साली आला. पण त्याला बोलावून आणणारा कोण? मयिलाडी गावचा महारासन, बाप्तिस्मा घेतल्यावरचं नाव वेदमाणिक्कम. जातीनं परैयर. म्हंजे तिकडचा आपलाच माणूस. इतिहासात मिशनरीचं नाव जाड अक्षरात आणि वेदमाणिक्कमचं बारीक अक्षरात छापतात. मयिलाडीला १८०९ साली प्रार्थनेचं देऊळ उभं राहिलं. मग शाणार लोक हजारोंनी त्या वाटेनं गेले. १८१९ साली चार्ल्स मॉल्ट आणि त्याची बायको मार्था मॉल्ट नागरकोविलला आले. मार्थाबाईनं मुलींची शाळा चालवली. त्या शाळेत वाचायला शिकवत आणि लेस विणायला शिकवत. दोन्ही गोष्टी हाताला आणि डोक्याला लागणाऱ्या. ज्या पोरीच्या आईला अंगावर कापड घ्यायची बंदी, ती पोर गोऱ्या मडमांच्या झग्यांना लावायची लेस विणू लागली. हा विरोधाभास मी रचलेला नाही, इतिहासानंच रचून ठेवलाय.

आता हुकूम बघा. १८१२-१३ च्या सुमारास कर्नल मन्रो हा इंग्रज रेसिडेंट संस्थानचा दिवाणही होता. त्यानं सांगितलं, ख्रिस्ती झालेल्या बायांनी अंग झाकायला हरकत नाही. दरबारी मंडळी ओरडली की यानं जातींची सरमिसळ होईल. मग १८१४ साली तडजोड निघाली. सिरियन ख्रिस्ती आणि मापिळा बाया घालतात तसलं कुप्पायम, म्हंजे सैल बंडीसारखी चोळी, घाला. पण नायर बायांसारखं खांद्यावरून कापड घ्यायचं नाही. म्हंजे अंग झाका, पण आमच्यासारख्या दिसू नका.

पुढचं फार महत्त्वाचं आहे. मिशनऱ्यांना चोळी पुरेशी होती. त्यांना लाजेची, सभ्यतेची चिंता. त्यांच्या बायकांनी बेतून दिलेली चोळी बायांनी घातली खरी. आणि त्या चोळीवरून त्यांनी खांद्यावर कापडही घेतलं, नायर बायांसारखं. हे त्यांना कुठल्या पाद्र्यानं शिकवलं नव्हतं. पाद्र्याचा प्रश्न लाजेचा होता, बायांचा प्रश्न इज्जतीचा होता. या दोन प्रश्नांत एक कापडाचं अंतर आहे आणि सगळी चळवळ त्या अंतरात आहे.

१८२२ पासून बाजारात मारहाणी सुरू झाल्या. बाया मालाच्या पाट्या घेऊन येत, त्यांच्या अंगावरचं कापड ओढून फाडलं जाई. १८२३ साली पद्मनाभपुरमच्या कोर्टानं चोळी घालायला परवानगी दिली, तरी मारहाण थांबली नाही. १८२८-२९ ला प्रार्थनेची देवळं आणि शाळा जाळल्या. फेब्रुवारी १८२९ मध्ये जाहीरनामा निघाला. गादीवर तेव्हा राणी होती, गौरी पार्वती बाई. बाईच बाईला म्हणाली, चोळी चालेल, खांद्यावरचं कापड चालणार नाही. त्याच जाहीरनाम्यात उळियमही कायम ठेवलं. उळियम म्हंजे सरकारची फुकट वेठ. आपल्या आज्यापणज्यांनी वतनाच्या नावाखाली जी महारकी केली तिचा तिकडचा भाऊ. ख्रिस्ती लोकांना फक्त रविवारी त्यातून सूट.

तीस वर्षं गेली. १८५५ साली संस्थानात गुलामी कायद्यानं बंद झाली. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा आला की सरकार रयतेच्या धर्मात हात घालणार नाही. सवर्णांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला, म्हंजे आता आम्हाला मोकळं रान. पुन्हा बाजारात कापडं फाटली, पुन्हा घरं आणि देवळं जळाली. आणि या वेळी दिवाण कोण? सर टी. माधवराव. तंजावरी मराठी, देशस्थ बामण. पुढं इंदूर-बडोद्याला दिवाणगिरी करणारे, इंग्रजी पुस्तकांत थोर प्रशासक म्हणून वाखाणलेले. डिसेंबर १८५८ मध्ये त्यांच्याच दिवाणगिरीत शाणारांना तंबी मिळाली की जुनी वहिवाट मोडू नका. मराठी माणसानं तिकडं काय केलं याचा अभिमानानं हिशेब मांडणाऱ्यांनी हीही नोंद धरावी.

मिशनऱ्यांनी अर्ज केले. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन यानं दरबारावर दाब आणला. शेवटी २६ जुलै १८५९ रोजी महाराजा उत्रम तिरुनाळ यानं हुकूम काढला की सगळ्या शाणार बायांनी, ख्रिस्ती असोत नसोत, चोळी घालावी किंवा कोळणींसारखं जाडंभरडं कापड गुंडाळावं. पण वरच्या जातीच्या बायांसारखं नको. जिंकल्या, तरी हुकमाच्या शेपटीला काटा ठेवलाच. तो काटा पुढच्या पिढ्यांनी काढून फेकला.

आता आपल्यातले काही कॉम्रेड म्हणतील, धर्म ही अफू, बायांना देवाचं काय देणंघेणं, मिशनऱ्यांनी तांदूळ दिला म्हणून गेल्या. गंमत अशी की तांदळाची हीच गोष्ट धर्मांतराला शिव्या घालणारे हिंदुत्ववालेही सांगतात. दोघांना मी एकच विचारतो. तांदळासाठी गेलेली बाई तांदूळ घेऊन गप घरी बसली असती. ती खांद्यावर कापड टाकून त्याच बाजारात पुन्हा का गेली, जिथं कालच तिचं कापड फाडलं होतं? एकदा नाही, वर्षानुवर्षं. पोटाचा हिशेब असता तर तो इथं तोट्यात जातो.

मला तिची श्रद्धा अशी कळते. गावच्या देवाच्या देवळात तिला पाऊल टाकायची बंदी. त्या देवानं तिला बघितलंच नव्हतं. नव्या प्रार्थनाघरात तिला सांगितलं गेलं की तुला देवानं स्वतःच्या रूपासारखं घडवलंय, तुझं शरीर त्याचं मंदिर आहे. सांगणाऱ्याला कदाचित उपदेशच करायचा होता. तिनं ते खरं धरलं. शरीर मंदिर असेल तर ते नायराच्या सलामीला उघडं का ठेवायचं? धर्मग्रंथातलं वाक्य गरीब माणूस जसंच्या तसं खरं धरतो तेव्हा क्रांती होते. पंडित तेच वाक्य हजार वर्षं नुसतं म्हणत बसतो. तिला नाव मिळालं, अक्षर मिळालं, आठवड्याचा एक दिवस वेठीविना मिळाला, आणि मेल्यावर नव्हे तर जिवंतपणीच आपण कुणीतरी आहोत ही खात्री मिळाली. आशा म्हणतात ती हीच. आभाळातली नाही, खांद्यावरची.

त्याच काळात आपल्याकडं काय चाललं होतं? १८५५ साली, जोतिबांच्या शाळेतली मांगाची पोर मुक्ता साळवे हिनं मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तिचा सवाल असा, वेद जर बामणांचेच, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता? निबंध छापला 'ज्ञानोदय'नं, मिशनऱ्यांच्या पत्रानं. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. पण नागरकोविलच्या बायांनी अंगानं विचारलेला सवाल आणि पुण्याच्या मुक्तानं शाईनं विचारलेला सवाल एकच होता.

म्हणून चर्चचं सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. दक्षिणेतल्या कित्येक चर्चांत बसायच्या जागा जातवार होत्या, दफनाच्या जागाही जातवार. ज्या नाडरांनी कापडासाठी मार खाल्ला, त्यांच्यातल्या कित्येकांनी पुलयर-परैयरांना मात्र लांबच ठेवलं. परैयरांच्या घरात १८७९ साली जन्मलेला पोयकयिल योहन्नान चर्चमधल्या जातीला विटून बाहेर पडला आणि १९१० च्या सुमारास त्यानं आपली वेगळी सभा काढली. तिकडं स्वामीतोप्पूचे अय्या वैकुंडर ख्रिस्ती न होताच नाडरांना फेटा बांधायला सांगत होते. १९१५ साली अय्यनकाळींच्या हाकेवर पुलयर बायांनी गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा, त्यांच्या जातीची खूण, तोडून फेकल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. वाटा वेगळ्या, पण फेकायची वस्तू एकच होती.

आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आपल्या आयाबायांना काय म्हणाले? लुगडं वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं नेसा, जातीची खूण सांगणारे ते गळाभर आणि हातभर दागिने टाका. आयांनी लगेच लुगडी घोट्यापर्यंत सोडली. दुसऱ्या वर्षी, १९२८ च्या गिरणी संपात, बाबासाहेबांनी आणखी एक सवाल लावून धरला. साचे खात्यात पैसे जास्त, पण तिथं अस्पृश्याला घेत नव्हते. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होईल. म्हंजे त्रावणकोरात कापड अंगावर घ्यायची बंदी, मुंबईत कापड विणायची बंदी. आज मी साच्यावर उभा आहे तो त्या सवालामुळं.

हा इतिहास पुसायचं कामही चालू आहे. नववीच्या पुस्तकात पोशाखाचा इतिहास सांगणारा धडा होता, त्यात या बायांचा लढा होता. २०१६ साली सीबीएसईनं तो भाग परीक्षेतून काढला, २०१९ साली एनसीईआरटीनं धडाच काढून टाकला. कापड फाडायची ही नवी तऱ्हा.

दोस्तहो, आपण १९५६ ला बुद्धाकडं गेलो. ती आपली वाट, आणि ती मला प्यारी आहे. पण दुसऱ्या वाटेनं गेलेल्या आपल्याच रक्ताच्या बाया नगर जिल्ह्यात, जालन्याकडं, आपल्या शेजारच्या वाड्यात आहेत. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ ला शिखांना मिळाल्या, १९९० ला आपल्याला, बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहे. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांकडं बसा. त्यांची आजी कशी वाचायला शिकली, कुठल्या विहिरीवर भांडली, हे विचारा आणि उतरवून घ्या. त्रावणकोरच्या बायांचा इतिहास पाद्री, दिवाण आणि रेसिडेंट यांच्या कागदांतून काढावा लागतो, त्या बायांची स्वतःची एक ओळ मला कुठं वाचायला मिळाली नाही. इथल्या म्हाताऱ्या अजून बोलतायत. तेवढं काम आपल्या हातात आहे.