ओढ्याची शिंदी, धरणाची बिअर

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की वाटेत शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना लागतो. २००१ पासून तिथून गाड्या बाहेर पडतात. स्कोडा हे नाव मुळात चेक देशातल्या प्लझेन शहरातल्या अवजड यंत्रांच्या कारखान्याचे. मोटारी बनवणारी कंपनी १९२५ मध्ये त्याला येऊन मिळाली. जगाला मात्र प्लझेन ठाऊक आहे ते बिअरमुळे. १२९५ मध्ये राजाने हे शहर वसवले, तेव्हाच तिथल्या घरमालकांना बिअर बनवण्याचा आणि विकण्याचा हक्क मिळाला. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने तिथले कमी क्षारांचे पाणी, फिकट भाजलेले जव आणि झाटेत्स भागातले हॉप वापरून सोनेरी, नितळ ‘पिल्सनर’ तयार केली. आज जगभर जी फिकट बिअर विकली जाते, तिची वंशावळ बहुतेक इथपर्यंत पोचते. चेक मुलुखातल्या लहान गावांतून बिअरचा धंदा रुजला तो तीन गोष्टींवर: पाणी जवळचे, धान्य शिवारातले आणि हक्क सनदेने मिळालेला.

हीच तीन कलमे जालना जिल्ह्याला लावून पाहावीत. उत्तरेला पूर्णा, मधून दुधना, जालना शहरातून कुंडलिका आणि दक्षिण सीमेवर गोदावरी. काळी जमीन, ज्वारीचे पीक आणि भरवसा नसलेला पाऊस. इथे बिअर कोणी बनवली नाही. जिल्ह्याचे जुने पेय होते ते ओढ्या-नाल्यांच्या काठावर आपसूक वाढणाऱ्या शिंदीच्या झाडाचे. तिला धान्य लागत नाही आणि कारखानाही लागत नाही. नाल्याच्या ओलीवर झाड पोसते आणि रस झाडातूनच मिळतो.

हिवाळा हा शिंदी काढण्याचा हंगाम. कमरेला आणि खोडाला दोराचा वेढा घालून माणूस वर चढतो, शेंड्याखालचे झावळ्यांचे बूड तासतो, धारदार कोयत्याने खाच घेतो आणि खाली मडके बांधतो. रात्रभर रस थेंबथेंब झिरपतो. पहाटे उतरवला तर ती गोड नीरा. ऊन चढू लागले की हवेतले आणि मडक्यातले यीस्ट कामाला लागते, रस फसफसतो आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी होते. संध्याकाळी ती आंबते, दुसऱ्या दिवशी तिला कोणी विचारत नाही. पुढच्या वर्षी खाच विरुद्ध बाजूला घ्यायची, म्हणून जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते. खाचा मोजल्या की झाड किती हंगाम राबले ते कळते. हे पेय टिकत नाही आणि लांब नेताही येत नाही. त्यामुळे पिणारा, विकणारा आणि झाड हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर असत.

पण झाड ओढ्याचे असले तरी रस सरकारचा होता. निजामाच्या राज्यात आबकारी हे खजिन्याचे मोठे कलम. झाडांवर कर असे, दुकानांचा लिलाव होई, गुत्ता घेणारा गुत्तेदार आगाऊ रक्कम भरे आणि ती शिंदीखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून वसूल करी. प्लझेनमध्ये सनदेने हक्क घरमालकांना मिळाला होता. इथे तो बोली लावणाऱ्याला मिळे. गावाच्या वाट्याला रिकामी मडकी आणि उधारी.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीच्या झाडावर कुऱ्हाड पडली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने १९४७ च्या ऑगस्टमध्ये लढा पुकारला. जंगल सत्याग्रह, लेव्हीला विरोध आणि करोडगिरी नाक्यांवरचे हल्ले यांच्या जोडीने मराठवाड्यात शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम झाला. त्यामागे दारूविरोधाची गांधीवादी शिकवण होतीच, पण नेम खजिन्यावर होता. ज्या झाडाच्या पानांपासून चटया आणि केरसुण्या होत, ते झाड दरबाराचा खांब म्हणून पाडले गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली.

दरबार गेला, आबकारी मात्र राहिली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याशी त्याची गाठ पडली. तो कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि बिअरच्या कारखान्याला परवानाही त्याच दारूबंदी कायद्याखाली मिळतो. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विशेषतः वाळूज परिसरात, बिअरचे कारखाने उभे राहिले. फॉस्टर्स आले, २००६ मध्ये त्यांचा भारतातला व्यवसाय सॅबमिलरने घेतला. युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्गही इथेच. पिल्सनरची पोर मराठवाड्यात नांदू लागली. जव राजस्थान-हरियाणाकडचे, हॉप परदेशातले. घटकांपैकी इथले एकच, ते म्हणजे पाणी.

हे पाणी पैठणच्या नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केले. ते बांधले शेतीच्या सिंचनासाठी. पुढे २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्याखाली शेती असा क्रम लावला. २०११ मध्ये तो फिरवून शेतीला दुसरे स्थान द्यावे लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगले आणि त्याच सुमारास पैठणहून जलवाहिनी आली. म्हणजे जालन्याचा नळ आणि वाळूजची बाटली आता एकाच धरणावर अवलंबून. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत, तर इतर उद्योगांच्या पाण्यात २५ टक्के कपात करायला लावली.

ही कपात न्याय्य होती. मात्र बिअरला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. शिंदीच्या काळात झाडाला किती ओल मिळते हे गावाला डोळ्यांनी दिसत होते. नाला आटला की मडके रिकामे. धरणाच्या काळात बाटली भरत राहते आणि शंभर किलोमीटरवरचे गाव कोरडे पडते. आज गावातले दुकान बंद करायचे तर कायदा बायकांच्या हाती मतपत्रिका देतो. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला की दुकानाला टाळे. निजामाच्या काळात असे मत मांडायला कुऱ्हाडच हातात घ्यावी लागली, त्या मानाने ही प्रगती मोठी. पण ही मतपत्रिका दुकानापुरतीच. नाथसागरातून कोणाला किती पाणी द्यायचे, त्याचा निर्णय कालवा सल्लागार समित्या, मंत्रालय आणि शेवटी न्यायालय यांच्यातच फिरतो. बाटली आडवी की उभी हे गावाने ठरवावे असे आपण मानतो, तर ती भरायला पाणी किती हेही दुष्काळापूर्वी, गावांना विचारून ठरले पाहिजे.