भूपातळी (इंग्लंडमधील बागेतील बांधकामे)

इंग्लंडच्या नियोजन कायद्यात बांधकामाची उंची जमिनीच्या ज्या पातळीपासून मोजली जाते, तिला भूपातळी म्हणतात. घराच्या बागेतील शेड, काचघर, कामाची खोली यांसारखी स्वतंत्र बांधकामे विहित मर्यादेत असल्यास त्यांच्यासाठी नियोजन परवानगीचा अर्ज करावा लागत नाही. अशा बांधकामांना ‘अनुमत विकास’ असे म्हणतात. सपाट जमिनीवर उंची मोजणे सोपे असते. उतारावर मात्र एकाच इमारतीची उंची चारही बाजूंनी वेगवेगळी भरते. त्यामुळे मोजणी कोठून सुरू करायची, यावर बांधकाम अनुमत आहे की नाही हे ठरते.

कायदेशीर व्याख्या

ही व्याख्या २०१५ च्या नगर व ग्राम नियोजन (सर्वसाधारण अनुमत विकास) (इंग्लंड) आदेशाच्या अनुच्छेद २ मध्ये आहे. तिच्यानुसार इमारतीला अगदी लागून असलेल्या जमिनीचा पृष्ठभाग म्हणजे भूपातळी होय. हा पृष्ठभाग एकसमान नसेल, तर इमारतीलगतच्या जमिनीचा सर्वांत उंच भाग भूपातळी मानला जातो. जमिनीवर नंतर बसवलेला लाकडी फळ्यांचा चौथरा या पृष्ठभागात धरला जात नाही, असे शासनाच्या तांत्रिक मार्गदर्शिकेत म्हटले आहे.

उंचीच्या मर्यादा

बागेतील बांधकामांना या आदेशाचा ‘ई’ वर्ग लागू होतो. त्यातील उंचीविषयक मुख्य मर्यादा अशा आहेत :

- इमारत एकमजली असावी.
- दुपाखी छपराच्या इमारतीची उंची ४ मीटरपेक्षा अधिक नसावी.
- इतर छपरांच्या इमारतीची उंची ३ मीटरपेक्षा अधिक नसावी.
- इमारतीचा कोणताही भाग आवाराच्या हद्दीपासून २ मीटरच्या आत येत असल्यास संपूर्ण इमारतीची उंची २.५ मीटरपेक्षा अधिक नसावी.
- वळचणीची उंची २.५ मीटरपेक्षा अधिक नसावी.

०.३ मीटरपेक्षा उंच चौथरा, व्हरांडा आणि सज्जा यांना या वर्गात मुभा नाही. वारसा म्हणून सूचिबद्ध असलेल्या इमारतींच्या आवारालाही हा वर्ग लागू होत नाही.

मोजणीची पद्धत

प्रथम इमारतीच्या बाह्य रेषेवर खुंट्या ठोकून दोरी ताणली जाते. त्यानंतर चारही कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या दरम्यान जमिनीची पातळी घेतली जाते, कारण सर्वांत उंच बिंदू कोपऱ्यातच असतो असे नाही. पातळी घेण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी, डंपी लेव्हल किंवा लेसर लेव्हल वापरतात. सर्वांत उंच बिंदूपासून काल्पनिक आडवी रेषा धरून छपराच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर मोजले की इमारतीची कायदेशीर उंची मिळते. जोते जमिनीच्या वर असल्यास त्याची उंचीही या अंतरात समाविष्ट होते.

उदाहरण

सपाट छपराची ४ मीटर लांबीची शेड हद्दीपासून ०.५ मीटरवर आहे आणि तिच्या लांबीच्या दिशेने जमिनीला १० मीटरला १ मीटर असा उतार आहे, असे समजू. शेडच्या दोन टोकांच्या पातळीत ०.४ मीटरचा फरक पडेल. वरच्या टोकाला उंची २.५ मीटर ठेवल्यास खालच्या टोकाला ती २.९ मीटर दिसेल. तरीही शेड उंचीच्या मर्यादेत राहते. उताराच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या शेजाऱ्यासमोर मात्र २.९ मीटरची भिंत उभी राहते. अशा बांधकामांवरील तक्रारींचे हे एक कारण आहे.

स्कॉटलंडमध्ये घरगुती बांधकामांची उंची इमारतीलगतच्या जमिनीच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजतात. तेथेही हद्दीपासून १ मीटरच्या आतील भागाला २.५ मीटरची मर्यादा आहे. त्यामुळे हीच शेड तेथे खालच्या टोकाला २.५ मीटर आणि वरच्या टोकाला २.१ मीटरच ठेवावी लागेल.

भराव आणि खोदकाम

मुद्दाम भराव टाकून जमीन उंच केली आणि त्या नव्या पातळीपासून उंची मोजली, तर ती मोजणी मान्य होईलच असे नाही. मोठा भराव किंवा खोदकाम हे स्वतंत्र अभियांत्रिकी काम ठरून त्याला वेगळी परवानगी लागू शकते. इमारत उतारात खोदून बसवली असल्यास लगतची जमीन म्हणजे खड्ड्याचा तळ की वरची कड, असा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवर अवलंबून असते. म्हणून कामापूर्वीच्या पातळ्यांचा आराखडा आणि छायाचित्रे हा महत्त्वाचा पुरावा ठरतो.

उल्लंघनाचे परिणाम

उंची मर्यादेबाहेर गेल्यास बांधकाम अनुमत विकास राहत नाही आणि त्यासाठी नियोजन परवानगी आवश्यक ठरते. परवानगी नसल्यास स्थानिक नियोजन प्राधिकरण अंमलबजावणीची नोटीस काढून बांधकाम कमी करण्याचा किंवा पाडण्याचा आदेश देऊ शकते. या नोटिशीविरुद्ध अपील करता येते. शंका असल्यास काम सुरू करण्यापूर्वी १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १९२ खाली नियोजित बांधकामाच्या कायदेशीरपणाचे प्रमाणपत्र मागता येते.