फाइल ‘कॉपी झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

चार जीबीचा एखादा चित्रपट पेन ड्राइव्हवर कॉपी करायला घेतला की संगणकाच्या पडद्यावर एक चमत्कारिक दृश्य दिसते. आरंभी वेगाचा आकडा सेकंदाला काही शे एमबीपर्यंत उसळी घेतो, हिरवी पट्टी झपाट्याने पुढे सरकते आणि अर्ध्या वाटेवर तो वेग एकाएकी आठ-दहा एमबीवर कोसळतो. विंडोज ८ पासून (२०१२) कॉपीच्या खिडकीत वेगाचा आलेखच काढला जाऊ लागल्याने हा कडा स्पष्ट नजरेत भरतो. मग पेन ड्राइव्ह बिघडला, व्हायरस शिरला अशा शंका घेतल्या जातात. वास्तविक बिघडलेले काहीच नसते. नंतरचा मंद वेग हाच पेन ड्राइव्हचा खरा वेग होय. आधीचा वेग त्याचा नव्हताच. तो होता संगणकाच्या मेमरीचा.

रॅम ही मेमरी सेकंदाला हजारो एमबी माहिती सहज हलवते. हार्ड डिस्कमध्ये मात्र फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारे शीर्ष असते. हे शीर्ष योग्य जागी पोहोचायलाच सेकंदाचा शंभरावा भाग जातो आणि सलग वाचनातही वेग साधारण शंभर ते दोनशे एमबीच्या आसपास राहतो. स्वस्त पेन ड्राइव्ह तर लिहिण्याच्या कामात याहून पुष्कळ मागे पडतो. ही दरी बुजवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम रॅममधील मोकळी जागा मधल्या कोठारासारखी वापरते. यालाच ‘कॅश’ म्हणतात. हा कॅश रोख रकमेचा नव्हे. लपवून ठेवलेला साठा असा त्या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आहे. गंमत अशी, की या कॅशमधला लिहिण्याचा व्यवहार रोखीचा नसून चक्क उधारीचा असतो.

वाचण्याचे काम त्यामानाने सरळ आहे. एखादी फाइल क्रमाने वाचली जात आहे असे दिसताच सिस्टीम पुढचा भाग मागणीपूर्वीच मेमरीत आणून ठेवते. एकदा वाचलेला मजकूरही जागा असेल तोवर तेथेच राहतो. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्यांदा कॉपी केली तर पुष्कळदा मूळ डिस्कला हातही लावावा लागत नाही. दोन डिस्कच्या किंवा दोन प्रोग्रॅमच्या वेगाची घरगुती तुलना बहुधा येथेच फसते, कारण दुसऱ्या क्रमांकाला आयताच लाभ मिळतो. दर चाचणीपूर्वी संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय अशा तुलनेला अर्थ नाही. मोकळी मेमरी कमी दिसते म्हणून ती ‘साफ’ करणारे प्रोग्रॅम बसवणारेही हा साठाच उधळून लावतात. वास्तविक गरज पडताच सिस्टीम ही जागा स्वतःहून रिकामी करते.

खरी गुंतागुंत लिहिण्यात आहे. फाइलचा मजकूर मेमरीत पोहोचला की सिस्टीम ‘लिहिले’ असे सांगून मोकळी होते. प्रत्यक्ष डिस्कवर तो सवडीने उतरवला जातो. लिनक्समध्ये असा न उतरवलेला मजकूर सामान्यतः तीस सेकंदांहून जुना झाला की डिस्ककडे पाठवला जातो, आणि अशा मजकुराने उपलब्ध मेमरीचा पाचवा हिस्सा व्यापला की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून धरले जाते. सोळा जीबी रॅम बहुतांशी मोकळी असलेल्या संगणकावर हा हिस्सा तीन जीबीच्या घरात जातो. सेकंदाला दहा एमबी लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला तेवढी उधारी फेडायला पाच मिनिटे लागतात. कॉपी संपल्याचे दिसते, आणि पेन ड्राइव्हवरचा दिवा मात्र लुकलुकतच राहतो.

या उधारीचा फटका मायक्रोसॉफ्टच्या ग्राहकांना फार पूर्वीच बसला होता. मार्च १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६.० मध्ये स्मार्टड्राइव्ह हा कॅश प्रोग्रॅम लिहायचा मजकूर मागे ठेवत असे. पडद्यावर पुढील आज्ञेची खूण उमटली की काम झाले असे समजून लोक संगणकाचे बटण बंद करीत आणि मेमरीतला मजकूर वीज जाताच नष्ट होई. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ६.२ आवृत्तीत ही सोय मूळ मांडणीतून काढून टाकावी लागली.

पुढे व्हिस्टाच्या वेळी नेमका उलटा अनुभव आला. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या या आवृत्तीत फाइल कॉपी करताना कॅश बाजूला ठेवण्यात आला होता. एकदाच हाताळायच्या प्रचंड फाइलींनी मेमरी व्यापली जाऊ नये, हा त्याचा फायदा. मात्र आता प्रत्येक लेखन डिस्कवर पुरे होईपर्यंत कॉपीची खिडकी उघडीच राहू लागली. एक्सपीमध्ये ती मजकूर डिस्कवर उतरण्याच्या कितीतरी आधी मिटत असे. व्हिस्टा मंद असल्याची ओरड झाली. मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये या प्रकरणाचे सविस्तर विवेचन केले. लोकांना जाणवलेल्या मंदपणाचे एक मोठे कारण खिडकी उशिरा मिटणे हे होते, असे त्यातून स्पष्ट होते. पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये कॅशचा वापर बहुतांशी पुन्हा सुरू झाला. प्रामाणिक घड्याळापेक्षा पुढे धावणारे घड्याळ ग्राहकांना अधिक आवडले, असेच म्हणावे लागेल.

काढता-घालता येणाऱ्या साधनांसाठी मात्र २०१८ च्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळ निवड म्हणून ठेवले आहे. त्यात विंडोज लिहायचा मजकूर मागे ठेवत नाही. वेग थोडा घटतो, पण कॉपी संपल्यावर पेन ड्राइव्ह ओढून काढल्यास धोका कमी राहतो. ‘बेटर परफॉर्मन्स’ हा पर्याय निवडलेला असेल तर ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ला पर्याय नाही. लिनक्सवर ‘सिंक’ ही आज्ञा किंवा इजेक्टचे बटण हेच काम करते. याखेरीज अनेक एसएसडींच्या पोटातही वेगवान लेखनाचा स्वतःचा एक भाग असतो. मोठी फाइल उतरवताना तो भरला की वेग घसरतो, आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टीमची कोणतीही मात्रा चालत नाही.

कॅमेऱ्याच्या कार्डावरील लग्नाची छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर ‘कट-पेस्ट’ करणाऱ्यांनी येथे विशेष जपावे. कट म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ फाइल पुसणे. पुसण्याची वेळ येते तेव्हा नवी प्रत अजून मेमरीतच असू शकते. कॉपी होताच छायाचित्र उघडून पाहिले तरी खात्री पटत नाही, कारण पडद्यावर दिसणारे चित्र त्याच कॅशमधून आलेले असते. डिस्क रीतसर इजेक्ट करून, काढून, पुन्हा जोडावी आणि मगच फाइल उघडावी. कार्ड त्यानंतर पुसावे.