शेजवलकर : न भेटलेले गुरुजी

आपल्याकडे कुणाचा सपशेल पराभव झाला, की ‘त्याचे पानिपत झाले’ असे म्हणतात. गणितात नापास झालेल्या पोरापासून निवडणुकीत अनामत गमावलेल्या उमेदवारापर्यंत सर्वांचे पानिपत होत असते. वर्गात मीही हा शब्द असाच उडवीत असे. तो उच्चारताना माझी जीभ ज्यांनी अडखळायला लावली, त्या त्र्यंबक शंकर शेजवलकरांची आठवण या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

त्यांना मी पाहिलेले नाही. २८ नोव्हेंबर १९६३ रोजी ते वारले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. एकलव्याला निदान गुरूची मूर्ती तरी घडविता आली. माझ्या वाट्याला आले ते पुठ्ठा सुटलेले एक पुस्तक, ‘पानिपत : १७६१’.

शेजवलकरांचा जन्म १८९५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. एम्. ए. ची पदवी त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही. तरीही १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा मराठ्यांचा इतिहास शिकविण्यासाठी त्यांचीच नेमणूक झाली. पानिपतावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली आला आणि मराठी ग्रंथ १९६१ साली, म्हणजे त्या लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा.

भाऊसाहेब हट्टी होते म्हणून घात झाला, एवढे सांगून आम्ही शिक्षक मोकळे होतो. शेजवलकर तेथे थांबत नाहीत. धान्य कोठून येणार होते? पैसा कोण देणार होते? नदीला पाणी किती होते? ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. पुढे छावणीत उपासमार झाली आणि १४ जानेवारीला उपाशीपोटी माणसे लढायला निघाली. परकीय आक्रमकापुढे हिंदुस्थानच्या बाजूने उभी राहिलेली ही फौज होती, तिच्या पराभवाची लाज वाटण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांना पेशव्यांचे भाट मात्र समजू नये. सरदेसायांच्या नानासाहेब पेशव्यांवरील ग्रंथाला त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, तीत त्याच पेशव्यांची झडती घेतली आहे. आणि ती आपल्याच पुस्तकात छापणारे सरदेसाईही थोरच म्हटले पाहिजेत.

आता आमच्या पांढरकवड्याची गोष्ट. आष्टीला बापू गोखले पडल्यावर दुसरे बाजीराव पळत इकडे आले. नागपूरकर भोसल्यांशी हातमिळवणी करण्याची त्यांना आशा होती. १७ एप्रिल १८१८ रोजी आमच्या गावाजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने त्यांच्या फौजेला गाठून तिची दाणादाण उडविली. दीड महिन्याने, जूनच्या आरंभी, बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले.

गावच्या नदीचे नाव खुनी. नाव आणि लढाई यांची सांगड घालायला मला कितीसा वेळ लागणार? ‘त्या दिवशी नदी रक्ताने लाल झाली, म्हणून ती खुनी,’ असे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगितले. मुले श्वास रोखून ऐकत. मलाही बरे वाटे.

शेजवलकर वाचल्यानंतरच्या वर्षी तो धडा आला आणि शब्द ओठाशीच अडले. लढाईच्या आधी या नदीला काय म्हणत? एकही कागद मला दाखविता येईना. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, “पोरांनो, लढाई खरी, तारीख खरी. नदीच्या नावाची गोष्ट मी माझ्या मनाने जोडली होती.” मागच्या बाकावरचा एक मुलगा हिरमुसून म्हणाला, “मग गुरुजी, आमच्या दादाला बी खोटंच सांगितलं का?” त्याचा दादा माझाच विद्यार्थी. मी मान हलविली. त्या दिवशी मधल्या सुट्टीत चहा गोड लागला नाही.

पण आठवडाभरात त्याच मुलाने घरातला जुना मोडी कागद आणून माझ्यापुढे टाकला. “हा वाचा ना, गुरुजी.” मला मोडी येत नव्हती. आता थोडी येते.

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणिसांचे दप्तर होते. त्यातील नागपूरकर भोसल्यांसंबंधीची पत्रे शेजवलकरांनी निवडून १९५४ व १९५९ साली दोन खंडांत छापली. आम्हां वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांवर त्यांचे हे ऋणच आहे. एवढे करून ज्या शिवचरित्राचा त्यांनी ध्यास घेतला होता, ते मात्र लिहून झाले नाही. त्यांच्या मागे १९६४ साली ‘श्री शिवछत्रपती’ प्रसिद्ध झाले, त्यात आहेत संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने. त्याला १९६६ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. चरित्र लिहिण्याआधी एवढी तयारी करणाऱ्या माणसाची मला, विनापुरावा नदी लाल करणाऱ्याला, अजूनही भीती वाटते.

दिवाळीची सुट्टी लागली, की तो मुलगा येणार आहे. कागदाच्या अर्ध्या ओळी लागल्या आहेत, अर्ध्या राहिल्या आहेत.