मेंदूचा आलेख आणि मनातली गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, बायका उठल्या. पण एक सभासद बसूनच राहिल्या. त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीला फिट येते. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढायला सांगितलं होतं. पण घरात जाऊबाई म्हणाल्या, "त्या मशीनमध्ये मनातलं सगळं दिसतं. टीव्हीवर दाखवलंय. घरातलं काय काय बाहेर पडेल!" त्यांनी मला विचारलं, "खरंच दिसतं का हो ताई?"

माझं बी.ए. इतिहासाचं, विज्ञानाचं नाही. म्हणून मी या मशीनचा इतिहासच वाचून काढला. तो आज तुम्हाला सांगते.

सुरुवात होते एका शेतकऱ्यापासून. 1877च्या सुमारास इटलीत बेर्तिनो नावाच्या शेतकऱ्याच्या डोक्यात उंचावरून वीट पडली. कवटीला भोक पडलं. जीव वाचला, पण त्या जागी मेंदूची धडधड दिसू लागली. तान्ह्या बाळाची टाळू उडते ना, अगदी तशी. आंजेलो मोस्सो नावाच्या शास्त्रज्ञानं ती धडधड मोजायचं साधन बसवलं. एकदा दुपारी चर्चची घंटा वाजली आणि बेर्तिनोच्या मेंदूची धडधड वाढली. हाताची नाडी होती तशीच राहिली. मोस्सोनं विचारलं, "घंटा ऐकून प्रार्थना म्हणायची आठवण झाली का?" तो हो म्हणाला, आणि धडधड पुन्हा वाढली.

इथंच नीट लक्ष द्या. यंत्रानं एवढंच सांगितलं, की मेंदूकडे रक्त जास्त धावलं. प्रार्थनेची गोष्ट कळली ती मोस्सोनं विचारलं आणि बेर्तिनोनं सांगितलं म्हणून.

दुसरी गोष्ट जर्मनीतली. हान्स बर्गर हा तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच दिवशी दूर गावी त्याच्या बहिणीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं वडिलांना तार करायला लावली. बर्गरला वाटलं, माझी भीती तिच्यापर्यंत पोचली. एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी ही शक्ती शोधायची म्हणून तो डॉक्टर झाला. 1924 साली त्यानं माणसाच्या मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख काढला आणि 1929 साली तो छापला. डोळे मिटून शांत पडलं, की सेकंदाला दहाएक लाटा दिसत. डोळे उघडले, की त्या विरत. मनातून मनात जाणारी शक्ती काही सापडली नाही. पण 1935 साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांना याच आलेखात लहान मुलांच्या एका प्रकारच्या फिटची खूण सापडली. सेकंदाला तीन लाटा, प्रत्येकीला एक टोक. तेव्हापासून फिटच्या तपासणीत ईईजीचा मोठा आधार आहे.

तिसरी गोष्ट रंगीत चित्रांची. 1990 साली सेईजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानं अमेरिकेत उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की रक्तात प्राणवायू किती आहे ते चुंबकाच्या मशीनला ओळखता येतं. दोन वर्षांत माणसांच्या मेंदूची तशी चित्रं निघाली. त्याला एफएमआरआय म्हणतात. त्यातला लाल-पिवळा रंग मेंदूत नसतो. तो संगणक हिशेब करून भरतो. आणि हिशेब चुकला तर काय होतं? अमेरिकेतल्या काही संशोधकांनी 2009 साली चक्क एक मेलेला मासा त्या मशीनमध्ये ठेवून दाखवला. हिशेबात आवश्यक ती काळजी घेतली नाही, तर मेलेल्या माशाच्या डोक्यातही 'विचार' चमकताना दिसतो!

आता आपल्या पुण्यात येऊ. 2008 साली इथल्या न्यायालयानं खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप सुनावली. त्या निकालात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या चाचणीचाही आधार होता. डोक्याला तारा लावून तिला गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवली होती. ते प्रसंग तिनं स्वतः अनुभवलेले आहेत, असं मेंदूतल्या लाटांवरून कळतं, हा त्या चाचणीचा दावा. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी या दाव्यावर शंका घेतली. ती दोषी होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही. पण लाटांनाच कबुली मानायचं का, हा प्रश्न मोठा होता. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कुणाच्याही इच्छेविरुद्ध अशी मेंदूची चाचणी, नार्को किंवा लाय डिटेक्टर चाचणी करता येणार नाही. मैत्रिणींनो, हा हक्क तुमचा-माझाही आहे. लक्षात ठेवा.

आमच्या सभासदाला मी हेच सगळं सांगितलं. ईईजीत डोक्यात वीज सोडत नाहीत, मेंदूत असते तीच टिपतात. दुखत नाही. केस स्वच्छ धुऊन, तेल न लावता जायचं. चालू गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि घरातलं गुपित त्या कागदावर उमटत नाही.

परवा त्या लेकीला घेऊन गेल्या. मीही सोबत होते. आलेख निघाला, पण डॉक्टरांनी तो बाजूला ठेवून आधी आईलाच विचारलं, "फिट येते तेव्हा पहिल्यांदा काय होतं? डोळे फिरतात की हात आखडतो? किती वेळ चालते?" कारण आलेख कधी कधी साफ येतो, तरीही फिटचा आजार असू शकतो. आईनं पाहिलेलं डॉक्टरांना हवंच असतं.

वहिनी सांगत होत्या आणि डॉक्टर लिहून घेत होते. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, एवढं माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं."

तेव्हा मशीनला भिऊ नका, आणि तिला देवही करू नका. कुणाच्या मनात काय आहे ते जाणून घ्यायचं असेल, तर शेजारी बसून विचारा. मोस्सोलाही शेवटी तेच करावं लागलं होतं.