कुड्याच्या लेण्यांतील नावे

राजपुरीच्या खाडीचे नाव निघाले की आपल्या मनात पहिल्याने जंजिरा उभा राहतो. खाडीच्या दक्षिण तीरावरील दिघीच्या धक्क्यावर जो जो उतरतो, त्याची दृष्टी त्या काळ्या तटबंदीकडे वळते, आणि मग सिद्दी, तोफा, वेढे यांच्या कथा सुरू होतात. त्या कथा ऐकण्यासारख्या आहेत, यात शंका नाही. परंतु ही खाडी समुद्राकडून आत, डोंगरांकडे, किती लांबवर गेली आहे आणि तिच्या त्या आतल्या टोकाशी काय आहे, याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. तेथे मांदाड नावाचे एक लहान गाव आहे, आणि जवळच कुडे गावाच्या डोंगरात, वरखाली दोन ओळींत, 26 बौद्ध लेणी आहेत. सिद्दी या किनाऱ्यावर आला त्याच्या आधी सुमारे तेराशे-चौदाशे वर्षे ही लेणी खोदली जात होती. आज आम्ही आपणांस तटबंदीकडे पाठ करून खाडीच्या त्या दुसऱ्या टोकाला नेऊ इच्छितो.

लेणे कोणी खोदले, असे कोकणात वा देशावर कोठेही विचारा. 'पांडवांनी, एका रात्रीत' हे उत्तर ठरलेले. नाशिकच्या लेण्यांना तर पांडवलेणी हेच नाव पडले. लोकांनी आपल्या आवडत्या वीरांना हे श्रेय दिले यात वाईट काय, असे कोणी म्हणेल. वाईट इतकेच की, ज्यांनी खरोखर पैसा दिला त्यांची नावे त्याच भिंतींवर कोरलेली आहेत आणि ती आपण वाचीत नाही. कुड्यास असे वीसहून अधिक लेख आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. ही लिपी वाचण्याची विद्या मध्यंतरी पार लोपली होती. 1837 साली जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली, आणि 1881 साली बर्जेस व आपले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांचे लेख पुस्तकरूपाने छापले, त्यांत कुड्याचेही लेख आले. तेव्हापासून 'कोणी खोदले' या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती आहे.

ते उत्तर असे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिवभूती नावाचा एक लेखक सांगतो की, हे लेणे माझा देयधर्म, म्हणजे धर्मार्थ दिलेले दान आहे. लेखक म्हणजे ग्रंथकार नव्हे. दरबारी लिहिणारा, आपल्या भाषेत कारकून वा चिटणीस. तो आपल्या बापाचे नाव सुलसदत्त आणि आईचे उत्तरदत्ता, अशी दोन्ही नावे देतो. त्याचा धनी महाभोज मांदव खंदपालित हा या मुलुखाचा अधिपती. त्या अधिपतीची ओळखही त्याच्या आईच्या, विजयेच्या, नावाने करून दिलेली आहे. सातवाहन राजे स्वतःस गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवीत, तीच ही रीत.

सहाव्या लेण्यात याच शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम भेटतो. परंतु येथे सारे घरच दानाला उभे राहिलेले दिसते. लेणे शिवमाचे, त्यातील शैलरूपकर्म, म्हणजे दगडातले कोरीव काम, त्याची बायको विजया आणि मुलगे यांचे, आणि खांब त्याच्या मुलींचे! मुलींची नावेही दिलेली आहेत. मुलांत एक सुलसदत्त आहे, म्हणजे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल तेव्हाही होती. याच लेण्याच्या दर्शनी भागी हत्ती आहेत आणि आत गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंस स्त्रीपुरुषांच्या भल्या मोठ्या जोड्या कोरलेल्या आहेत. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास पुढील पिढ्यांनी त्याच भिंतींवर बुद्धमूर्ती कोरल्या. पाहणारा मूर्तींकडे पाहतो आणि निघून जातो; खांबांना हात लावून 'हा कोणत्या मुलीचा' असे विचारीत नाही.

आणखी पुढे जावे. पाचवे लेणे आणि त्याची पोढी ही पदुमिनिका नावाच्या भिक्षुणीने दिली. तिची आई नागनिका हीही भिक्षुणीच होती. बोधी आणि आषाढमित्रा या शिष्यिणी पदुमिनिकेबरोबर या दानात आहेत. सातवे लेणे सोमदेव नावाच्या वैद्याचे. त्याचा बाप ऋषिरक्षित हाही वैद्यच, आणि बुद्धाचा उपासक. सोमदेवाने आपल्या मुलग्यांची व मुलींची नावे आपल्याबरोबर कोरविली आहेत. एक चैत्यगृह भयिला या ब्राह्मणीचे; तिचा नवरा अयितिलु हा ब्राह्मण असून बुद्धाचा उपासक. एक लेणे हाल नावाच्या राजामात्याच्या मुलीचे, गोयम्मेचे. मुगुदास नावाचा एक माळाकार, म्हणजे फुलांचे हार करणारा माळी, त्याचेही लेणे येथे आहे. आणि कऱ्हाडहून आलेला महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी, तोही एका लेण्याचा दाता.

आता या यादीकडे एखाद्या गावच्या वर्गणीच्या वहीकडे पाहावे तसे पाहावे. कारकून, वैद्य, माळी, लोखंडाचा वाणी, मंत्र्याची मुलगी, ब्राह्मणाची बायको, संन्यास घेतलेली स्त्री. राजा या वहीत आहे, परंतु बहुधा कोणाचा तरी धनी म्हणून. नावे पाहिली तर शिवभूती, शिवदत्त, स्कंदावरून खंदपालित, नाग; घरात शिवाची, कार्तिकेयाची, नागाची नावे ठेवणारी माणसे भिक्षूंना लेणी देत होती, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. पंथांच्या भिंती जितक्या उंच आपण कल्पितो, तितक्या त्या या डोंगरात तरी दिसत नाहीत.

हा पैसा आला कोठून, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर पायथ्याच्या खाडीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शक ग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची यादी आहे. तीत सेमुल्ल म्हणजे आपले चौल, आणि त्यापुढे मंदगोर. मंदगोर ते मांदाडच, असे अनेक विद्वानांनी मानले; काहींनी ते बाणकोटच्या खाडीकडे नेले. मांदव घराणे, मांदाड गाव आणि त्यांच्या डोक्यावरची 26 लेणी एकत्र पाहिली म्हणजे आमचा कौल पहिल्या पक्षाकडे पडतो. घाटावरच्या मालाला समुद्र हवा होता आणि समुद्रावरच्या मालाला घाट. कऱ्हाडचा महिक लोखंड घेऊन सह्याद्री उतरला, यात नवल नाही. त्याच्या गावची माणसे दूर मध्य हिंदुस्थानातील भारहुतच्या स्तूपासही दान देऊन आलेली आहेत. नात्यांची ये-जाही घाटावरून चालत होती. मावळातील बेडसे येथे पाण्याची पोढी देणारी महारठिनी सामडिनिका स्वतःस मांदवी आणि महाभोजाची मुलगी म्हणविते. कोकणातली माहेरवाशीण घाटावर सासरी नांदत होती, असेच त्यावरून दिसते.

भिक्षूंना या सर्वांचा उपयोग काय? पावसाळ्याचे महिने एके ठिकाणी राहावे, हा त्यांचा नियम; आणि कोकणचा पाऊस आपल्याला ठाऊक आहेच. निजण्यास दगडी ओटा, उपासनेस चैत्य, आणि पावसाचे पाणी साठवून उन्हाळा काढण्यास कातळात खोदलेली टाकी. त्या टाक्यांना लेखांत 'पोढी' म्हटले आहे, आणि लेण्याला 'लेण'. दोन हजार वर्षांत या किनाऱ्यावरची राज्ये गेली, मंदगोराचा व्यापार गेला, मांदाड लहान खेडे होऊन राहिले. परंतु 'लेणे' हा शब्द शिवभूतीच्या तोंडचा आपल्या तोंडी जवळजवळ तसाच राहिला. तो शब्द वापरताना आपण त्याचीच भाषा बोलतो, हे आपल्या ध्यानी नसते.

ही लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परंतु कायदा दगडाला पावसापासून वाचवीत नाही. पश्चिमेचा वारा आणि पाझरणारे पाणी दरसाल अक्षरांची थोडी थोडी कड घेऊन जाते. माणूसही आपला हातभार लावतो. ठिकठिकाणच्या लेण्यांतून कोळशाने, खडूने, क्वचित लोखंडी खिळ्याने नवी नावे लिहिलेली आपण पाहतो. नाव मागे राहावे ही हौस शिवमालाही होती. भेद इतकाच की, त्याने आधी लेणे दिले आणि मग नाव लिहिले. आजचा हौशी प्रवासी काहीही न देता, ज्याने दिले त्याच्या नावावर आपले नाव काढतो.

म्हणून आमची श्रोत्यांना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी जंजिरा पाहण्यास जाल तेव्हा एक दिवस राखून ठेवा, आणि खाडीच्या काठाकाठाने आत कुड्यास जा. पावसाळा संपून डोंगर अजून हिरवा असतो ते दिवस बरे. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे व नैर्ऋत्येकडे आहेत, म्हणून दुपार उतरताना आत चांगला उजेड येतो. जाताना छापील पुस्तकातून ही नावे एका कागदावर उतरवून घ्या आणि मुलांना बरोबर न्या. सहाव्या लेण्यात शिवमाच्या मुलींच्या खांबांपाशी उभे राहून त्यांच्याकडून ती मोठ्याने वाचून घ्या. पांडवांची गोष्ट त्यांना घरी सांगता येईल. येथे मात्र कारकुनाची, वैद्याची आणि माळ्याची गोष्ट सांगावी. कारण ती सांगणारे दुसरे कोणी नाही.