म्युनिकचा 'लिमक्स' प्रयोग : एका मुक्तस्रोत स्थित्यंतराचा मागोवा

शासकीय कार्यालयातील संगणकावर कोणती कार्यप्रणाली असावी, हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक समजला जातो. वस्तुतः तो सार्वजनिक खर्चाचा व शासकीय नोंदींवरील नियंत्रणाचा, म्हणजेच प्रशासनाच्या इतिहासाचाही विषय आहे. प्रस्तुत लेखात जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेच्या २००३ ते २०१७ या कालखंडातील प्रयोगाचा या दृष्टीने विचार केला आहे.

या प्रयोगाचे मूळ कोणत्याही ध्येयवादात नव्हते. पालिकेच्या सुमारे १४ हजार संगणकांवर विंडोज एनटी ४ ही प्रणाली होती आणि मायक्रोसॉफ्ट तिचा आधार काढून घेणार होती. उत्पादकाने ठरविलेल्या मुदतीनुसार आपण खर्च का करावा, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. मार्च २००३ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी महापौर क्रिस्तियान ऊडे यांची प्रत्यक्ष भेट घेतली; सवलतीही देऊ केल्या. तरीही २८ मे २००३ रोजी नगर परिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. एका नगरपालिकेच्या खरेदीसाठी जागतिक कंपनीच्या प्रमुखाने धाव घ्यावी, यातच त्या निर्णयाचे महत्त्व स्पष्ट होते.

अंमलबजावणी मात्र संथ झाली. २००४ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटच्या शंकेमुळे काम काही काळ थांबले आणि पहिले संगणक २००६ मध्ये बदलले गेले. खरी अडचण कार्यप्रणालीत नव्हतीच. वीसहून अधिक स्वतंत्र संगणक विभाग, प्रत्येकाची निराळी पद्धत, आणि वर्षानुवर्षे साचलेले पत्रांचे हजारो नमुने व मॅक्रो, हे सारे आधी निस्तरावे लागले. त्यासाठी पालिकेने 'वोलमक्स' हे साधन स्वतः तयार केले आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. आपल्याकडील कार्यालयांत जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलिखित झालेल्या फायली ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना या अडचणीचे स्वरूप वेगळे सांगावयास नको. तेथेही मजकूर आपला असतो, पण तो उघडण्याची किल्ली दुसऱ्याकडे असते.

२०१३ अखेर सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आले. तत्पूर्वी २०१२ मध्येच पालिकेने एक कोटी युरोंहून अधिक बचतीचा दावा केला होता. मायक्रोसॉफ्टच्या पुरस्काराने झालेल्या एका अभ्यासाने तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पालिकेला तो अभ्यास मान्य झाला नाही.

२०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले आणि वारे फिरले. ई-मेल, दिनदर्शिका यांविषयीच्या तक्रारी पुढे आल्या. त्यांतील बऱ्याचशा सर्व्हर व अंतर्गत व्यवस्थेशी संबंधित होत्या. दोष मात्र लिनक्सच्या माथी बसला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जर्मन मुख्यालय उपनगरातून म्युनिक शहरात आले. या स्थलांतराचा निर्णयाशी संबंध अनेकांनी जोडला. तथापि केवळ कालसान्निध्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये परिषदेने विंडोज १० कडे परतण्याचे ठरविले. त्यासाठी सुमारे पाच कोटी युरो खर्च अपेक्षित होता.

या माघारीला तंत्राचे अपयश म्हणणे प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटत नाही. दहा वर्षे हजारो कर्मचारी त्याच संगणकांवर काम करीत होते. अपुरे राहिले ते संगणक विभागांचे एकत्रीकरण आणि सत्तांतरानंतरही टिकेल असे राजकीय पाठबळ. मे २०२० मध्ये ग्रीन पक्ष व सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीने शक्य तेथे मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे पुन्हा मान्य केले. पुढे २०२४ मध्ये श्लेसविग-होल्श्टाइन या जर्मन राज्याने सुमारे ३० हजार संगणकांसाठी लिबर ऑफिस स्वीकारण्याचा निर्णय जाहीर केला, आणि विंडोजऐवजी लिनक्स आणण्याचा टप्पा त्यापुढे ठेवला.